चिखलासकट तोललेली झाडं

आलं तोलताना मी माती झाडतो, ही बापाने लावलेली शिस्त. आयुष्यात एकदाच मातीसकट तोललं, आणि एक माणूस दोन वर्षं तुरुंगात गेला. हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही.

गोंडपिपरी तालुक्यात माझं किराण्याचं दुकान. गावातल्या एका म्हाताऱ्या मासेमाराने बोडीच्या, म्हणजे लहान तळ्याच्या, पाळीवर गांजाची चार झाडं ठेवली होती. शिवरात्रीला देवापुढे चिलीम, एरवी बैलाला हगवण लागली की पाला. सारं गाव जाणून होतं. आजोबांच्या काळात तर तालुक्याला गांजाचं सरकारी परवान्याचं दुकान होतं!

कुणीतरी चुगली केली. पोलिसांनी झाडं मुळासकट उपटली. काटा माझा, म्हणून पंचही मीच. मुळांना चिखलाचे गोळे लोंबत होते.

"साहेब, माती झाडून घेतो."

"शेटजी, काटा धरा. झाडायची एवढी हौस असेल तर दुकान झाडा."

सगळे हसले. मीही हसलो, आणि सही केली. वजन किलोच्या वर गेलं, आणि किलोच्या वर गेलं की शिक्षा वाढते. पुढे कोर्टात म्हाताऱ्याच्या वकिलाने विचारलं, माती काढली होती? मी म्हणालो, हो.

मध्यंतरी आमच्या जिल्ह्यात दारू बंद झाली, परत सुरू झाली. आणि परवा चंद्रपुरात एका मेडिकलमध्ये गांजाच्या बियांचं तेल दिसलं, छान काचेच्या बाटलीत. "एकदम लीगल आहे, अंकल," काउंटरवरची पोरगी म्हणाली. माझं डोकंच फिरलं. बाटलीत भरलं की औषध, आणि गरिबाच्या पाळीवर उगवलं की गुन्हा? पण ओरडू कुणावर? काटा माझाच होता.

तिथून थेट बोडीवर गेलो. म्हातारा जाळं शिवत होता. सगळं सांगून टाकलं.

त्याने दातांनी दोरा तोडला. "चिखल तं मले तवाच दिसला होता, भाऊ. तू कोर्टात काऊन खोटं बोलला, थेच समजून नाई राह्यलं होतं."

"भ्यालो."

"मंग आता बोल. पोंभुर्ण्याले पोरीच्या सासरी मले अजून गांजावाला म्हणतेत. तिले माहेरी नाई धाडत. त्याइले सांग."

उद्या त्याच्यासोबत पोंभुर्ण्याला जायचं आहे. तिथे पुन्हा जीभ वळली नाही, तर निदान वाचून दाखवता यावं म्हणून हे लिहून ठेवलं.