मिलिंदचा हात

हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही. देवापुढं तर मुळीच नाही, कारण भानगड त्याच्याच पूजेच्या दिवशी झाली. तुमची-माझी फारशी ओळख नाही, म्हणूनच कदाचित जीभ उचलतेय. ऐका — नाहीतर उठून जा. पण मध्येच "जाऊ दे हो, होतं असं" म्हणू नका. असं म्हणणाऱ्या माणसाचा मला संताप येतो. मी स्वतःला इतकी वर्षं तेच म्हणत आलोय.

आधी आमची वसाहत सांगतो, मग मला शिव्या घाला. कोल्हापूरच्या बाहेर, एमआयडीसीच्या पाठीमागं, उसाची रानं मोडून उठवलेल्या पत्र्याच्या खोल्या. मी मलकापूरकडचा, शेतकऱ्याच्या घरातला. माझ्या भिंतीला भिंत लावून निपाणीकडचं कानडी बोलणारं कुटुंब, पलीकडं मिरजेचा बाबालाल, समोर बिहारची पोरं, आणि बोळाच्या तोंडाला मिलिंद कांबळे आणि त्याची बायको सुजाता. दिवाळीचा फराळ, ईदचा शिरखुर्मा, चौदा एप्रिलची खीर — ताटं या दारातून त्या दारात फिरायची. "आमच्या गल्लीत जात न्हाय बघा, पावणं!" हे मीच सांगायचो. छाती फुगवून सांगायचो. आज आठवलं की स्वतःच्याच थोबाडीत द्यावीशी वाटते.

नव्वदचं दशक संपत आलेलं. आम्ही सगळे एकाच कारखान्यात होतो. त्याचं नाव सांगत नाही, कारण चूक कारखान्याची नव्हती. तिथं विमानाच्या चाकांना लागणाऱ्या पोलादी पिना तयार व्हायच्या आणि बेंगलोरला जायच्या. कोल्हापूरच्या उजळाईवाडी विमानतळावर तेव्हा विमान उतरलं तर उतरलं. आमच्यातल्या एकानंही विमान आतून बघितलेलं नव्हतं, तरी गावी गेलो की "विमानं करतो" म्हणून सांगायचो. काय ती ऐट!

पिना घासून चकचकीत करायचं काम माझं. त्या धुऊन, वाळवून, तेलात बुडवून कागदात गुंडाळायचं काम मिलिंदचं. साधं वाटतं ना? साधं नव्हतं. पाण्याचा एक थेंब राहिला तरी तेलाखाली गंज धरतो, आणि गंजलेली पिन विमानाला चालत नाही. मिलिंद पिना अशा धरायचा — अंड्यातून नुकतंच बाहेर आलेलं पिल्लू धरावं तशा. मी त्याची टिंगल करायचो. तोही हसायचा. आमची दोस्ती होती. होती, असं मी तरी समजत होतो.

खंडेनवमीला कारखान्यात यंत्रांची पूजा असते. हळद-कुंकू, झेंडूच्या माळा, आणि रीत अशी की ज्याची मशीन, त्यानंच तिच्यापुढं नारळ फोडायचा. मिलिंद बौद्ध. तो हात जोडायचा नाही, पण सकाळी आमच्याबरोबर मशीनी घासूनपुसून लख्ख करायचा, आणि आरती सुरू झाली की आपल्या कामाला लागायचा. "पूजा तुमची, पिना माझ्या," म्हणायचा. कुणाला त्याचं काही वाटायचं नाही. निदान तोंडावर तरी कुणी काही बोलायचं नाही.

त्या वर्षी त्याच्या टेबलावर प्रसादाची ताटं मांडलेली होती. म्हणून धुऊन वाळवलेल्या पिनांचा ट्रे त्यानं माझ्या मशीनशेजारी स्टुलावर ठेवला. तेलाचा कॅन आणायला निघता निघता म्हणाला, "शिवा, नारळ भाईर फोड की रं. पिना उघड्या हाईत."

बस, एवढंच म्हणाला तो. बरोबर म्हणाला. आणि माझ्या डोक्यात तिडीक गेली. का? — आता इथं मी थांबतो, कारण हे सांगायला मला सगळ्यात जड जातंय. जो देवापुढं हात जोडत नाही, तो मला नारळ कुठं फोडायचा ते शिकवणार? हे माझ्या मनात आलं. नुसतं आलं नाही, तयारच होतं. गल्लीत जात नाही म्हणून सांगणाऱ्या माझ्या मनात ते वर्षानुवर्षं जेवूनखाऊन सुखात राहत होतं.

मी मशीनच्या लोखंडावरच नारळ हाणला. मुद्दाम जोरात. पाणी उडालं ते थेट ट्रेमध्ये.

मी बघितलं. डोळ्यांनी बघितलं हो, उगाच खोटं कशाला बोलू? खांद्यावरच्या टॉवेलनं वरच्या वर पुसून घेतलं. मिलिंद कॅन घेऊन आला. "परत धू" — एवढे दोनच शब्द मला म्हणायचे होते. पण मग तो बरोबर ठरला असता ना! मी आरतीत जाऊन उभा राहिलो, सगळ्यांत मोठ्यानं टाळ्या वाजवल्या. त्यानं बिचाऱ्यानं पिना तेलात बुडवल्या, गुंडाळल्या आणि पेटीत भरल्या.

दिवाळीनंतर पेटी बेंगलोरहून परत आली. पिनांवर तांबूस डाग पडले होते. तिथल्या लोकांचं म्हणणं, हा हाताच्या घामाचा गंज आहे. काही माणसांच्या तळहाताचा घामच असा असतो की त्यांनी धरलेल्या पोलादावर बोटं उमटतात. हे खोटं नाही, असतात अशी माणसं. पण मिलिंद त्यांतला नव्हता. तो कितीतरी वर्षं ते काम करत होता, एक डाग नव्हता.

आमच्या सुपरवायझरनी मला बाजूला घेतलं. माणूस वाईट नव्हता. त्यांना उत्तर हवं होतं आणि शेवटचा हात मिलिंदचा होता. त्यांनी विचारलं, "त्याचा हात कसा असतोय रे? तू तर त्याचा दोस्त."

मी म्हणालो, "वला असतोय साहेब. कधी कधी."

झालं. मी काही त्याला चोर म्हणालो नाही, शिवी दिली नाही. एक ओला शब्द टाकला आणि जेवायला गेलो.

मिलिंदला पिनांवरून काढलं आणि लोखंडाचा कीस गोळा करायला लावलं. तिथवर ठीक — म्हणजे ठीक नव्हतंच, पण पगार तरी चालू होता. पण आमची माणसं! ताटं फिरवणारी, खीर चाटूनपुसून खाणारी आमची माणसं! कुणीतरी कुजबुजलं, "पूजेला हात जोडत न्हाय, मग दुसरं काय हुनार?" मग त्याच्या हातून कुणी पाना घेईना, मोजमापाचं हत्यार घेईना. तो द्यायला गेला की म्हणायचे, "हातात नगो, टेबलावर ठेव. गंज धरतोय." हसत म्हणायचे. कामाचा नियम आहे म्हणे! आज्या-पणज्यांनी वरून पाणी ओतलं, आणि ही आयटीआय शिकलेली पोरं विमानाच्या नावाखाली तेच करत होती. एकटा बाबालाल त्याच्या हातातून वस्तू घ्यायचा. बाकी कुणाला लाज वाटली नाही. आणि एक दिवस त्यानं माझ्यापुढं पाना धरला, तेव्हा सगळे बघत होते, म्हणून मीही म्हणालो — "टेबलावर ठेव."

त्यानं ठेवला. पुढच्या उन्हाळ्यात त्यानं काम सोडलं आणि खोलीही सोडली. जाताना सुजातावहिनी आमचा डबा परत द्यायला आल्या. रिकामा डबा परत देऊ नये म्हणतात, म्हणून त्यात साखर घालून आणला होता. माझ्या बायकोनं त्या साखरेचा चहा केला. मी तो प्यायलो.

त्यानंतरच्या खंडेनवमीला मी नारळ दाराबाहेर फोडला. सगळ्यांना सांगितलं, आजपासून हीच पद्धत, मालावर पाणी उडायला नको. काय कौतुक झालं माझं! सुपरवायझर म्हणाले, "शिवाच्या हाताला यश हाय." दरवर्षी सगळ्यांचा मिळून एकच नारळ, तो मग माझ्याकडंच आला. बोलायचं असतं तर तेव्हा बोलता आलं असतं. मी पेढा खाल्ला.

बरीच वर्षं गेली. मेव्हणीच्या पोरीच्या लग्नाला पैंजण आणायला हुपरीला गेलो होतो. स्टँडवर टेम्पोतून कॅरेट उतरवताना मिलिंद दिसला. केस पिकलेले. मला बघून खरंच आनंदला — राग नाही, काही नाही. मला वाटलं होतं, निदान मान तरी फिरवेल. मग त्यानं पँटला तळहात पुसला. एकदा पुसला, परत पुसला, आणि मगच हात पुढं केला.

"सवय लागलीया," म्हणाला. "हातातच खोट हाय न्हवं माझ्या."

त्याची पोरगी दहावी झाली होती. मशीनचं काम शिकायला तिला आयटीआयला जायचं होतं, घरात रडून गोंधळ घातला होता. यानं नको म्हणून सांगितलं होतं. "तिचं हातबी माझ्यासारखंच आस्त्याल," म्हणाला. "लोकं परत टेबलावर ठेवायला लावत्याल. माझं झालं ते झालं, पोरीचं कशाला? उद्याच शेवटचा दिवस हाय फारमाचा. तू आतला मानूस. तूच सांग, बरोबर केलं न्हवं मी?"

त्याचा हात अजून माझ्या हातात होता. कोरडा ठणठणीत होता.

मी म्हणालो, "व्हय."