शांतवनमामांची शीर

संगमनेरच्या अलीकडे, नाशिक-पुणे रस्ता सोडून उसातून आत गेलं की एक दुमजली व्यसनमुक्ती केंद्र लागतं. शांतवन तिथे सतरा वर्षं वॉर्डबॉय होता. वय एकोणसाठ, गुडघे त्याहून म्हातारे, पण कागदावर अजून बॉयच. पेशंट त्याला मामा म्हणत आणि त्याच्या उजव्या हाताला भीत.

त्याला कारण होता अमृत नावाचा एक पेशंट. पहिल्याच वर्षी तो जेवणाच्या हॉलमध्ये स्टीलचं ताट गरागरा फिरवत सुटला. शांतवनने त्याला मागून धरायला हात टाकला, बोटं मान आणि खांद्याच्या मध्ये पडली, आणि अमृत ओल्या पोत्यासारखा खाली बसला तो आडवाच झाला. तीन दिवस त्याच्या पोटात अन्न नव्हतं, साखर उतरली होती. त्या वेळच्या डॉक्टरांनी संध्याकाळी तसं सांगितलंही. पण साखर कुणाला दिसली नव्हती. बोटं तीस-बत्तीस जणांनी पाहिली होती.

मग ते चालूच राहिलं. नवा माणूस आला की जुने पेशंट त्याला संडास दाखवायचे, चहाची वेळ सांगायचे आणि बजावायचे, "मामाच्या नादी लागू नको. शीर दाबत्यात. जागेवर झोपशील." कुणी खवळला की शांतवन त्याच्याकडे चालत जायचा. गुडघ्यांमुळे सावकाश जायचा, आणि त्या सावकाश येण्याचीच जास्त दहशत बसायची. तो पोचायच्या आत माणूस कॉटवर बसलेला असे. दारू सुटलेल्या रिकाम्या शरीरांना बसायला निमित्त हवं असतं, एवढंच ते होतं. शांतवन स्वतः कधी म्हणाला नव्हता की मला शीर माहीत आहे. नाही, असंही म्हणाला नव्हता. दमलेला माणूस बऱ्याच गोष्टींना नाही म्हणायचं सोडून देतो.

नातेवाईक यायचे. पेशंटला घरी नेताना आया, बायका शांतवनला बाजूला घेऊन हळूच विचारायच्या, ती शीर आम्हालाही दाखवा. तो हसून टाळायचा. गेल्या दिवाळीत मात्र सलग दोन पाळ्या करून तो उभ्या उभ्या झोपत होता, तेव्हा टेम्पोवाल्या कानिफनाथची बायको मालनबाई दारात आडवी आली आणि हटेना. त्याने तिचा हात धरून स्वतःच्या मानेवर ठेवला. "हितं. जोरात दाबायची," तो म्हणाला आणि सुटला.

आषाढात कानिफनाथ परत दाखल झाला. रविवारी मालनबाई भेटायला आली तेव्हा तिचा डावा हात प्लास्टरमध्ये होता.

"दाबली की ओ मामा," ती म्हणाली. आवाजात तक्रार नव्हती. "तुमी दावली तिथंच दाबली. पडलं न्हाईत. मागं वळून बघितलं निस्तं, आन् हात धरून पिळला."

शांतवनने तिला बसायला स्टूल सरकवलं.

"माझंच बोट चुकलं असंल. गडबडीत हुतं तसं. आज नीट दावा. पेनानं खूण करा पायजे तर, माज्याच मानंवर. मी पाठ करते."

तिने खरंच पिशवीतून पेन काढलं. शांतवन म्हणाला, "म्होरल्या रविवारी बघू," आणि चादरी मोजायच्या आहेत असं सांगून आत गेला. चादरी कधीच मोजून झाल्या होत्या.

घरी बायको मरिया त्याच्या गुडघ्यांना तेल लावताना सगळं ऐकून घेत होती. "तिला वाटतंय तिचंच चुकलं," तो दोनदा म्हणाला.

"मंग सांगा तिला."

"इतकी वरसं बोललो न्हाई. आता बोलून काय हुनार?"

"हा हात बसंल तिचा," मरिया म्हणाली. "म्होरल्या डावाला काय मोडंल ते बघू मंग." आणि तेलाची वाटी उचलून ती आत गेली.

इतकी वर्षं ऐकून ऐकून खुद्द शांतवनलाही मधूनमधून वाटायचं, काहीतरी असेल आपल्या बोटांत. म्हणून त्याने आधी डॉक्टर अश्विनी मॅडमना विचारलं, मानेला दाबून माणूस पडतो का.

"तुम्हीच विचारताय मामा?" त्या हसल्या, मग त्याचं तोंड बघून थांबल्या. "दुखतं. हाताला मुंग्या येतात. पडत नाही. पिक्चरमध्ये पडतो, कारण त्याला पडायचे पैसे दिलेले असतात. गळ्याच्या दोन्ही बाजूंना रक्ताच्या नळ्या आहेत, त्या दाबल्या तर चक्कर येईलही, पण मग तो उठेलच असं नाही. मेंदूला झटका बसू शकतो. तिथे कुणी हात लावू नये." मग त्या म्हणाल्या, "पण हे वॉर्डात बोलू नका. चाळीस पेशंटला तुम्ही दोघं आहात. मला दुसरं कोण मिळणार?"

रविवारी अकराला हॉलमध्ये पेशंट आणि नातेवाईकांची बैठक असते. शांतवन उभा राहिला. भाषण त्याला येत नव्हतं. त्याने मालनबाईला पुढे बोलावलं, पाठ फिरवली आणि म्हणाला, "दाबा." तिने चांगल्या हाताने दाबली. मग जोर लावून दाबली. शांतवनच्या डोळ्यांत पाणी आलं, पण तो उभाच होता.

"अशी शीरच न्हाई," तो म्हणाला. "अमृत उपाशी हुता म्हनून पडला. बाकीचं तुमीच बसत हुता. घरी कुनी हा परयोग करू नका."

मागून एक जण म्हणाला, "मंग मामा, परवा मी उगंच बसलो व्हय?" हॉल हसला. कानिफनाथ हसला नाही. तो बायकोच्या हाताकडे बघत होता, तिथलं प्लास्टर आत्ताच दिसल्यासारखा.

बैठक मोडल्यावर मालनबाई म्हणाली, "मंग मी काय करू?"

"बेस्तरवारी सुट्टी हाय त्याची. सही तुमची लागती," शांतवन म्हणाला. "करू नका."

"गाव काय म्हनंल? नवऱ्याला कोंडून ठिवला म्हनंल."

"म्हनंल," तो म्हणाला.

तीन-चार दिवसांत वॉर्ड बदलला. सोमवारी एकाने त्याच्या अंगावर पाण्याचा तांब्या भिरकावला. बुधवारी दोघांना सोडवताना सदऱ्याची बाही गेली. आता सावकाश चालत जाणं म्हणजे नुसतं उशिरा पोचणं होतं.

गुरुवारी कानिफनाथ दाढी करून, बॅग भरून ऑफिसात बसला होता. मालनबाई आली. मॅडमनी कागद पुढे सरकवला. तिने तो वाचला, खरं तर वाचल्यासारखं केलं, आणि परत सरकवला.

"मी न्हेत न्हाई. आनखी तीन म्हैने ठिवा. मी आकोल्याला भावाकडं चाल्ले."

कानिफनाथ उठला. खुर्ची मागे पडली. शांतवन दारात होता.

"काय मामा, शीर दाबता का?" कानिफनाथ म्हणाला, आणि बायकोकडे वळला.

शांतवनने त्याला मागून दोन्ही हातांनी कवळलं. कानिफनाथचं कोपर बरगडीत बसलं, डोकं हनुवटीवर आपटलं. दोघं भिंतीला लागले, मग घसरत खाली बसले. शांतवनचे गुडघे कधी टेकले ते त्याला कळलं नाही.

"जावा तुमी," तो म्हणाला.

मालनबाईने पिशवी उचलली. फाटकाचा आवाज झाला. तिथून उसामधून मोठा रस्ता दहा मिनिटांवर आहे.

कानिफनाथ धडपडला, शिव्या दिल्या, आईची शपथ घातली, मग नुसताच धापा टाकू लागला. त्याच्या पाठीची धडधड शांतवनच्या छातीत येत होती. घामाला साबणाचा वास होता.

"रस्त्याला लागल्या त्या," अश्विनी मॅडम खिडकीतून बघत म्हणाल्या. "सोडा आता मामा. तुम्हाला लागलंय."

"जीप मिळाया येळ लागतो," शांतवन म्हणाला, आणि तसाच धरून बसला.