बिलोलीची ट्रिक

"लातूर लई शिष्ट हाय. तोंडच उघडत न्हाई."

कूलरवर बाटली भरताना धर्माबाद म्हणाली. मी दाराआड चप्पल काढत होते.

"शिष्ट न्हाई ग, लाजती ती," बिलोली म्हणाली.

नांदेडच्या त्या अभ्यासिकेत आम्ही मुली एकमेकींना गावाच्या नावानंच हाक मारायचो. मी लातूरची, म्हणून लातूर. लाजत होते हे खरं, पण कशाला ते कुणाला ठाऊक नव्हतं. माझं सगळं शिक्षण इंग्रजीतून झालेलं. मराठी वाचता यायचं, लिहायला बसलं की वेलांट्या उलटसुलट व्हायच्या. आपल्याच भागातल्या तालुक्यांची नावं मला धड लिहिता येत नव्हती, आणि भरतीचा पेपर मराठीत होता.

संध्याकाळच्या चहानंतर एकीनं फळ्यापाशी उभं राहायचं, बाकीच्या सांगतील ती गावांची नावं लिहायची. जिला नाव बिनचूक लिहायची ट्रिक सापडली, तिनं ती सगळ्यांना द्यायची. लपवणं म्हणजे डबा एकटीनं खाण्यासारखं. मी रोज काहीतरी निमित्त काढून सटकायचे.

ट्रिका मात्र मी करत होते, मनातल्या मनात. धर्माबाद कंटाळली की चष्मा डोक्यावर सरकवायची. तो चष्मा म्हणजे 'मा'वरचा रफार. आणि बिलोली. तिचा एक पाय लहानपणापासून अधू होता. पहिलं पाऊल आखूड पडायचं, पुढचं लांब. 'बि'ला पहिली वेलांटी, 'ली'ला दुसरी. एकदा सुचलं आणि पुन्हा कधी चुकलं नाही. दुपारी ती डबा घेऊन माझ्या टेबलाकडे यायची तेव्हा मी खाली बघत असायचे. तिला वाटायचं, लाजते.

त्या संध्याकाळी मी पळाले नाही. शिष्ट हा शब्द डोक्यात बसला होता. मार्कर घेऊन उभी राहिले.

"बिलोली लिही," देवणी म्हणाली.

लिहिलं. बरोबर आलं.

"मी दरवेळी उलटं लिहिते. ट्रिक सांग ना!" देवणी म्हणाली.

"ट्रिक नाही. असंच आलं."

"असंच कसं? लिहायच्या आधी खाली बघून राहिली होतीस," धर्माबाद म्हणाली. "एकटीच साहेब होणार हायस का?"

सगळ्या हसल्या. माझे कान तापले.

"सांगंल की ती. जरा दम धरा," बिलोली म्हणाली, आणि माझ्या हातातला मार्कर घ्यायला उठली. एक आखूड, एक लांब. खोटी ट्रिक माझ्या जिभेवर तयार होती. पण बिलोली इतकी जवळ येऊन थांबली की तिच्या तोंडाकडेच बघावं लागलं. ती वाट बघत होती, हसून.

"तुझ्या चालण्यावरून," मी म्हणाले. "पहिलं पाऊल आखूड, पुढचं लांब. इतके दिवस मी तेच बघत होते."