मंत्र्यांच्या ट्रकातून गेलेला स्टोव्ह

त्या सरकारी बंगल्यात मंत्री येत आणि जात, माळीकाका मात्र तिथेच. आघाडीत कुणाचं तरी बिनसायचं, कुणी तरी पाठिंबा काढायचा, मंत्रिमंडळ कोसळायचं आणि फाटकापाशी सामानाचा ट्रक लागायचा. नव्या साहेबांना बागही नवी हवी असायची. एकाला गुलाब, दुसऱ्याला नुसती हिरवळ, तिसऱ्याला ताजी भाजी. काका सगळ्यांना "हो साहेब" म्हणत आणि काम पार मागच्या कुंपणापासून सुरू करत. बंगल्याच्या पायरीपर्यंत पोहोचायच्या आत सरकार पडलेलं असे. म्हणून मागचं कुंपण सारखं उकरलेलं आणि पुढचा जाईचा वेल जसाच्या तसा.

या खेपेचे साहेब मात्र गुडघ्याला बाशिंग बांधूनच आलेले. भेटायला येणाऱ्यांसाठी त्यांना शेड हवी होती आणि ती फाटकाजवळच्या माळ्याच्या खोलीच्या जागी. इथे "हो साहेब" काही कामाचं नव्हतं, कारण पाडणारे बाहेरचे होते. काकांचा संसार त्याच खोलीत झाला, लेक तिथेच वाढली. काकूंचे गुडघे धरलेले, भाड्याची खोली कुठल्या मजल्यावर मिळेल याचीच त्यांना धास्ती.

पाडायच्या दिवशी काकूंनी सगळं सामान बांधून बंगल्याच्या मागच्या व्हरांड्यात ठेवलं आणि दोघं लेकीकडे आसरा मागायला गेले. परत आले तर बंगला रिकामा. शिपाई दात काढत उभा.

"काका, सरकार पडलं. साहेब गेले. आता तुमची खोली कोण पाडतंय?"

काकांनी पायरीवर बसकणच मारली. सुटलो, एवढंच त्यांच्या मनात आलं. डोळे पुसायचं त्यांना भान राहिलं नाही.

"अहो," काकू म्हणाल्या, "आपलं सामान कुठंय?"

हमालांनी व्हरांड्यातलं सगळंच ट्रकात भरलं होतं.

रिकामा ट्रक परत आल्यावर ड्रायव्हरकडून पत्ता घेऊन काका निघाले. साहेब मेहुण्याच्या दोन खोल्यांत उतरले होते. खोक्यांतून वाट काढत काका आत गेले, तर साहेब एका पेटीवर बसलेले आणि समोर काकूंच्याच स्टोव्हवर, काकूंच्याच पोचे आलेल्या पातेल्यात चहा उकळतोय.

"आमच्या खोक्यांत कशात काय आहे, कुणालाच पत्ता नाही," साहेबांच्या पत्नी म्हणाल्या. "हे एवढंच गाठोडं नीट बांधलेलं होतं."

"तुमचं आहे होय?" साहेब ओशाळले. त्यांनी स्वतः कप पुढे केला. मग हळूच म्हणाले, "मेहुणा किती दिवस ठेवून घेतो, कुणास ठाऊक." आणि थोड्या वेळाने, "काका, तुमची खोली?"

"आहे, साहेब."

"बरं झालं," साहेब म्हणाले, आणि ते मनापासून होतं.

काकांनी बाकीचं सामान हातगाडीवर चढवलं. स्टोव्ह आणि पातेलं तेवढं राहू दिलं. "परत याल तेव्हा आणा," म्हणाले.

खोलीत काकूंनी फळीवर डबे लावले, लेकीचा फोटो जुन्याच खिळ्याला टांगला. मग त्यांच्या लक्षात आलं.

"स्टोव्ह?"

काकांनी सगळं सांगितलं.

"परत आले म्हणजे? पुन्हा खोली पाडायला?"

"येऊ देत की. घर सुटलं की दुसऱ्याच्या भांड्यात चहा करावा लागतो, हे त्यांना आता कळलंय."

काकूंनी फळीवरचा चहाचा डबा खाली काढला.

"आणि तोवर आपण कुणाच्या भांड्यात करायचा?"

काका डोकं खाजवू लागले. काकूंना हसू आवरेना. हसत हसतच, गुडघ्यावर हात टेकत त्या उठल्या आणि शिपायाच्या बायकोकडे स्टोव्ह मागायला गेल्या.