कुंडीचाचा आणि येळवसची माती

मी ज्यांचा सर्वांत जास्त ऋणी आहे, त्यांना सगळं बीदर कुंडीचाचा म्हणत असे. खरं नाव कचेरीच्या रजिस्टरात होतं, पण त्या नावाने त्यांना कुणी हाक मारल्याचं मला आठवत नाही. ते कुंडीजवळ उकिडवे बसत, बोटाच्या पेराने तिच्या पोटावर टकटक करत आणि कान लावून ऐकत. कोरडी कुंडी खणखणते, ओली कुंडी बद्द बोलते. वैद्याने नाडी धरावी तसा त्यांचा चेहरा त्या वेळी गंभीर होत असे. आम्ही कारकून हसायचो. त्यांना त्याचं काही वाटत नसे.

आमची कचेरी एका जहागीरदाराच्या बंगल्यात होती. जहागिऱ्या गेल्या, घरची मंडळी हैदराबादकडे निघून गेली आणि बंगला सरकारकडे आला. खुर्च्या, झुंबरं, गालिचे कुणी कुणी नेले. कुंड्या तेवढ्या राहिल्या. आतल्या मोठ्या दिवाणखान्यात पाम, क्रोटन, नेचे आणि एक रबराचं झाड अशा आठ कुंड्या होत्या. त्या तीस वर्षं सांभाळणारे चाचाही राहिले. सरकारने त्यांना रोजंदारीवर घेतलं आणि मागची कोठी राहायला दिली.

मी भालकीकडच्या काळ्या रानातल्या शेतकऱ्याचा मुलगा. उर्दू शाळेत शिकलो, अक्षर चांगलं होतं, म्हणून कच्च्या नोकरीवर लागलो. आमच्या घरात कचेरीची पायरी चढलेला मी पहिलाच. गावात खोली मिळेना, तेव्हा चाचांनी आपल्या कोठीतली अवजारं एका कोपऱ्यात रचली आणि म्हणाले, "पड हितं. तू मुन्शी, मी माळी. दोघांचं बी पोट सरकारच्या बागंत." तेव्हापासून मी त्यांचा मुन्शी झालो.

पान पिवळं पडलं की आमच्या शिपायाचा, सिद्रामचा, एकच इलाज असे: पाणी. साहेबांच्या पेल्यात उरलेलं, पाहुण्यांच्या तांब्यात उरलेलं, सगळं कुंडीत. पाणी वाया घालवू नये आणि झाडाला पाजलं तर पुण्य लागतं, ही त्याची समजूत. चाचा त्याला दारातच अडवत.

"कामून घालायलास? पुसलास का त्याला?"

"झाडाला काय पुसायचं, चाचा? मान टाकलीय की त्यानं."

"प्यासा झाड भी सर झुकाता, डूबा झाड भी सर झुकाता. ऊपर से फरक नै दिसता रे. उंगली डाल."

सिद्राम नाखुशीने मातीत बोट घाली. बोटाला चिखल लागलेला असे. "व्हय की," म्हणून तो तांब्या मागे घेई आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच करी.

पिवळेपणाचे प्रकार मला चाचांनीच शिकवले. खालची पानं मऊ होऊन पिवळी पडली तर मुळाशी पाणी साचलंय. कुरकुरीत होऊन पडली तर तहान लागलीय. वरची कोवळी पानं पिवळी आणि शिरा तेवढ्या हिरव्या, तर विहिरीच्या पाण्यात चुना आहे. पावसाचं साठवलेलं पाणी द्यायचं, थोडा लाल मुरूम घालायचा. एकाच अंगाने पिवळी, तर कुंडी खिडकीकडे फिरवायची. आणि एखादंच जुनं पान पिवळं असेल तर काहीच करायचं नाही. "उसका वक्त हो गया," एवढंच म्हणून ते पान हलक्या हाताने काढून घेत.

एकदा मी विचारलं, "चाचा, तुम्हाला मुलं किती?"

"दोन होते," ते म्हणाले आणि पामची कुंडी सरकवू लागले. ती सरकवायची काही गरज नव्हती. पुढे सिद्रामने सांगितलं की अठ्ठेचाळीस साली, पोलीस ॲक्शननंतरच्या मारकाटीच्या दिवसांत, दोघंही गावाकडं आपलं घर बघायला गेले ते परत आलेच नाहीत. चाचा त्यांना शोधायला तीन गावं फिरले. मग बंगल्यात आले आणि झारी उचलली. त्यानंतर ते गावाकडं गेले नाहीत. मागच्या कोठीशिवाय त्यांना जगात दुसरी जागा उरली नव्हती.

त्या हिवाळ्यात मी येळवसला, म्हणजे मार्गशीर्षातल्या वेळ अमावास्येला, घरी गेलो. आमच्याकडे येळवसला रानात कडब्याची कोप, म्हणजे खोपटं, घालतात, तिच्यात पाच दगडांचे पांडव मांडून पूजा करतात, सगळ्या रानाला आंबील शिंपडतात. पूजा झाल्यावर मी वडिलांना म्हणालो, "अप्पा, हितली पोतंभर माती नेऊ का? आमच्या चाचांच्या कुंड्यात निसता लाल मुरूम हाय, खडे नुसते."

वडिलांना अभिमान वाटला. "ने की! बीदरच्या खडकात काय पिकतंय? झाडं बी म्हणतील, आज जेवलो."

मी परतलो तेव्हा चाचा तापाने अंथरुणावर होते. त्यांना उठल्यावर आनंद व्हावा म्हणून मी रविवारी दिवाणखाना उघडला, आठही कुंड्या उकरून निम्मा मुरूम काढला आणि येळवसची काळी माती दाबून दाबून भरली. वर भरपूर पाणी घातलं. ती ओली, काळी, चमकदार माती बघून मला फार समाधान वाटलं.

चाचांचा ताप लांबला. ते पंधरवड्याने उठून दिवाणखान्यात आले तेव्हा सगळ्या झाडांची खालची पानं पिवळी पडली होती. त्यांनी पहिल्या कुंडीवर टकटक केलं. दुसरीवर केलं. मग बोट घातलं, ते वर काढून वास घेतला.

"ही कुठली?"

"आमच्या रानातली. येळवसच्या पूजेची. मीच घातली, चाचा."

त्यांनी माती चिमटीत दाबली. "सोना है, मुन्शी. रानात सोना. तिथं तिला खोली हाय, उन्हाळ्यात भेगा पडून ती दम घेती. कुंडीत कुठं जाईल पाणी? मुळं बुडायलीत." आवाजात राग नव्हता. त्याचं मला तेव्हाही वाईट वाटलं.

आम्ही दोघांनी झाडं काढली. मुळं काळी पडून कुजली होती. चाचांनी ती कापली, विटांचे तुकडे आणि मुरूम भरला, आणि महिनाभर कुणीही थेंबसुद्धा पाणी आपल्या मनाने घालायचं नाही म्हणून सांगितलं. "आता पानं आणखी गळतील. बरं व्हायच्या आधी झाड वाईटच दिसतंय."

पण वरच्या साहेबांची पाहणी आठ दिवसांवर होती. आमच्या साहेबांनी दिवाणखान्यात उभ्या असलेल्या बोडक्या काड्या बघितल्या आणि सगळ्यांना बोलावलं.

"हे कुणी केलं?"

मी चाचांच्या शेजारीच उभा होतो. माझी नोकरी कच्ची होती. मी माझ्या चपलांकडे बघत राहिलो.

"मेरेसे गलती हुई, सरकार," चाचा म्हणाले.

साहेबांनी त्यांना त्याच दिवशी काढलं, कोठी रिकामी करायला सांगितली. हुकूम मी लिहिला. अक्षर चांगलं म्हणून असली कामं माझ्याकडेच येत. 'कामात गफलत' हे शब्द माझ्या हातचे आहेत. चाचांना लिहिता-वाचता येत नव्हतं. त्यांच्या अंगठ्याला शाईही मीच लावली.

ते बोचकं बांधत असताना मी म्हणालो, "चाचा, मी जाऊन सांगतो."

"कामून? साहेब दोघांना बी काढंल. एक कुंडी फुटली म्हणून दुसरी आपटायची का?" मग चुलीकडे बोट दाखवून म्हणाले, "कोळसा हाय दोन दिवसांचा. भिजवू नको."

ते चिटगुप्प्याला दूरच्या भाचीकडे गेले. मी फाटकापर्यंत गेलो. त्यापुढे गेलो नाही.

आठांपैकी पाच झाडं वाचली. रबराच्या झाडाला कोवळं लाल पान फुटलं तेव्हा सिद्राम म्हणाला, "चाचाला कळवा की हो." मी कळवलं नाही. कोणत्या तोंडाने कळवणार होतो? त्या नोकरीवर मी आणखी तीन वर्षं काढली आणि तिच्याच आधाराने हैदराबादला कॉलेजात गेलो. छप्पन साली, आमचा जिल्हा म्हैसूरकडे जाणार हे ठरलेलं असताना, माझा बी.ए.चा निकाल लागला. त्याच संध्याकाळी मी चाचांना पत्र लिहिलं.

ते बारा दिवसांनी माझ्याकडे परत आलं, न फोडलेलं. भाचीच्या नवऱ्याने पाकिटावर उर्दूत एक ओळ लिहिली होती: मामू तीन आठवड्यांपूर्वी गेले. म्हणजे मी लिहायला बसलो, त्याच्याही आधी. पत्र असं होतं.

"चाचांना मुन्शीचा सलाम.

हे पत्र घरातलं कुणीतरी तुम्हाला वाचून दाखवेल. त्यांनाही ऐकू द्या. बंगल्यातल्या कुंड्यांत काळी माती मी भरली होती. तुमची काही चूक नव्हती. साहेबांनी विचारलं तेव्हा मी गप्प बसलो आणि तुमच्यावरचा हुकूम माझ्या हाताने लिहिला.

आज मी बी.ए. पास झालो. घरी तार करण्याआधी कचेरीला अर्ज लिहिला आहे, त्याची नक्कल सोबत आहे. माती कुणी घातली ते त्यात माझ्या सहीने लिहिलं आहे, आणि तुमच्या नावापुढचा 'गफलत' हा शेरा खोडावा अशी विनंती केली आहे. नोकरी परत मिळेल असं वाटत नाही. शेरा तरी राहू नये.

रबराचं झाड जगलं आहे. छताला लागलं म्हणून शेंडा कापावा लागला, असं सिद्राम लिहितो. दिवाणखान्यात तो आता बोट घातल्याशिवाय पाणी घालत नाही.

आजपासून तिसऱ्या रविवारी हुमनाबादवरून येणाऱ्या मोटारीने मी चिटगुप्प्याला येतो. येऊ का, असं विचारत नाही. आत घ्यायचं की दारातून परत पाठवायचं, ते तुम्ही ठरवा. मी दाराशी उभा राहीन."