जाडी दाखव

चोपड्यात कौतिकनानांना ओळखत नाही असा ट्रॅक्टरवाला सापडायचा नाही. ओळखूनही रस्ता बदलणारे ठेकेदार मात्र तीन-चार आहेत.

यावल रस्त्याला त्यांची वेल्डिंगची शेड. केळीच्या ट्रॉल्या बांधणं हे पोटाचं काम आणि सरकारी कामातली चोरी पकडणं हे जिवाचं. शाळा सातवीपर्यंत, पण माहितीच्या अधिकाराचा अर्ज असा लिहितात की बाबू तो उभ्यानंच वाचतो. दोन वर्षांपूर्वी गल्लीत काँक्रीटचा रस्ता झाला. कागदावर जाडी सहा इंच. नाना शेडमधलं ड्रिल मशीन घेऊन गेले आणि इंजिनिअर साहेबांच्या डोळ्यांदेखत त्यांनी नव्याकोऱ्या रस्त्याला भोक पाडलं. सळई घातली, खूण केली, मोजली. चार इंच.

"नाना, आमच्यावर विश्वास नाही का?" ठेकेदार काकुळतीला आला.

"विश्वास खिशात ठेव. जाडी दाखव."

रस्ता उखडून पुन्हा करावा लागला. तेव्हापासून त्यांचं नाव ड्रिलवाले नाना.

अशा माणसाकडे गेल्या हिवाळ्यात संघमित्रा आली. त्याच गल्लीतली पोरगी, जळगावला इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला. कॉलेजच्या पोरापोरींनी रेसची गाडी स्वतः बनवायची आणि देशभरातल्या कॉलेजांसमोर पळवायची, अशी स्पर्धा होती. संघमित्रा टीमची कॅप्टन, आणि गाडी चालवणारीही तीच. पाइपांचा सांगाडा जोडायला हात हवा होता. तिच्या काखेत जाडजूड नियमपुस्तक होतं.

"पळायच्या गाडीला नियम कसले?" नाना म्हणाले. "जो पुढं गेला तो जिंकला."

"नाना, गाडी नियमांतूनच घडते. आधी याला बसवा." तिनं पुठ्ठ्याचा कापलेला एक लांबडा माणूस पुढं केला. नियमात दिलेल्या मापाचा. तो सीटवर मावला पाहिजे, आणि त्याचं डोकं सांगाड्याच्या मागच्या-पुढच्या पाइपच्या कमानींच्या आत राहिलं पाहिजे.

"चालवणार तू पाच फुटांची, आणि जागा याची?"

"हो."

"म्हणजे हा साहेब आहे. काम करायचं नाही, पण खुर्ची मात्र याच्या मापाची."

पुठ्ठ्याचं नाव साहेब पडलं. साहेबासाठी मागची कमान चार बोटं वर गेली. कमान वर गेली म्हणून तिचे टेकू लांबले, टेकू लांबले म्हणून इंजिन मागं सरकलं. नाना बघत राहिले. पुस्तकातल्या एका ओळीनं अख्ख्या गाडीचं रूप पालटलं होतं.

मग इंजिनची पाळी आली. मोटरसायकलचं दांडगं इंजिन, पण त्याला हवा मिळणार वीस मिलिमीटरच्या नळीतून. तेवढंच भोक, त्याहून मोठं चालणार नाही. नाना खवळले. "घोड्याचं नाक दाबून म्हणता पळ!"

"सगळ्यांनाच तेवढं, नाना. मग ज्याची नळी आतून गुळगुळीत, त्याची हवा नीट जाते. डोकं चालवायचं."

"पुण्या-मुंबईच्या श्रीमंत कॉलेजांनाही वीसच?"

"वीसच."

नानांनी नियमपुस्तक मागून घेतलं, कपाळाला लावलं आणि म्हणाले, "असला कायदा उभ्या जन्मात पहिल्यांदा बघतोय." ती नळी त्यांनी तीन दिवस घासली. बोट आत घालायचे, डोळे मिटायचे, पुन्हा घासायचे.

सांगाडा उभा राहिला. तपासणीला नऊ दिवस उरले होते, तेव्हा संघमित्रानं चाचरत शेवटचं कलम सांगितलं. "नाना, मागच्या कमानीला साडेचार मिलिमीटरचं भोक पाडायचंय. तपासणारे त्यातून पाइपची जाडी मोजतात. अडीच मिलिमीटर लागते."

"कुणाच्या कमानीला?" नानांचा आवाज चढला. "चाळीस वर्षं झाली मला या धंद्यात! नुसतं बोट लावलं तरी जाडी कळते. माझ्या कामाला भोक? पुस्तक उचल आणि चालू लाग!"

संघमित्राच्या डोळ्यांत पाणी आलं. डबा घेऊन आलेल्या पार्वताबाईंनी दारातूनच सगळं ऐकलं होतं. त्यांनी डबा ऐरणीवर आदळला.

"इस्वास खिसामा ठेवा," त्या नवऱ्याला म्हणाल्या. "जाडी दखाडा."

नानांनी ड्रिल उचललं. "दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही," असं पुटपुटत स्वतःच भोक पाडलं. सायकलच्या स्पोकचं टोक वाकवून आत घातलं, पाइपच्या आतल्या कडेला अडकवलं, बाहेर खूण केली. मोजलं.

दोन.

पुन्हा घातलं. दोनच.

नाना खाली बसले. जे लावलं की जाडी कळते म्हणत होते, त्याच बोटाकडे बघत राहिले. आणि आठवलं. कमान वाकवली त्या सकाळी ते पंचायत समितीत भांडून आले होते. डोकं तापलेलं. दोन आणि अडीच, दोन्ही जाडीचे पाइप एकाच तांबड्या रंगात शेजारी-शेजारी पडलेले, आणि त्यांनी ट्रॉलीच्या कठड्याचा पाइप उचलला होता.

"पोरी, गाडी उलटली तर डोक्यावर हीच कमान ना?"

"हीच."

"आतून दुसरी नळी घालून भागेल?"

"नाही नाना. कमान एकाच सलग पाइपची लागते. जोड चालत नाही."

"चालायलाच नको," नाना म्हणाले. ग्राइंडर चालू करून त्यांनी स्वतःची कमान स्वतः कापून काढली.

पुढचे दिवस ट्रॉल्या थांबल्या. नवा पाइप आधी दोन्ही तोंडांनी मोजला, मगच त्यात वाळू भरली. वाळू भरली की वाकवताना पाइप चेपत नाही. पार्वताबाई लाकडानं वाळू ठोकत बसल्या. "आख्खं आयुष्य दुसराना रस्ता मोजात गयं," त्या म्हणाल्या, आणि नाना चक्क हसले. साहेबाला बसवून बघितलं, डोकं आत राहिलं. वेल्डिंग झालं. पाचव्या दिवशी नानांनी न सांगता भोक पाडलं आणि स्पोक संघमित्राच्या हातात दिला. "तू मोज. माझ्यावर विश्वास ठेवू नको."

अडीच.

तपासणी परराज्यात होती. टीम निघून गेली. तपासणीच्या दिवशी सकाळपासून नाना ट्रॉलीच्या फळीवर फोन ठेवून बसले. एका गिऱ्हाइकाला "उद्या या" म्हणून वाटेला लावलं. अकराच्या सुमारास फोन वाजला.

"नाना, पास! हिरवा स्टिकर लावला!" मागं पोरांचा नुसता कल्लोळ.

"कमान मोजली?"

"मोजली ना. अडीच."

"किती वेळा?"

"एकदाच."

"एकदाच?" नाना ताडकन उभे राहिले. "पोरीचं डोकं आहे त्याच्याखाली, आणि एकदाच? त्या तपासणाऱ्या साहेबाला फोन दे!"

"नाना..."

"दे म्हणतो ना. म्हणावं, चोपड्याहून बोलतोय. पुन्हा मोज."