हमीदा मॅडमचा फॉर्म आणि माझा सूड

हमीदा मॅडम गेल्याचा फोन त्यांच्या मुलीनं, शबानानं केला तेव्हा मी ऑफिसात होते. उठले आणि साहेबांच्या केबिनमध्ये जाऊन सांगितलं. साहेबांनी चष्मा काढला, पुन्हा घातला आणि म्हणाले, "अरेरे... अहिराणीची फायनल फाईल आपल्याकडे आली होती ना?" मी हो म्हणाले आणि बाहेर आले. डोळ्यांत पाणी यायला हवं होतं, ते आलं नाही. डोक्यात तिडीक गेली, आणि आता इतके आठवडे झाले तरी ती उतरलेली नाही. अशा लेखात गेलेल्या माणसाबद्दल चांगलं लिहायचं असतं. ते मी लिहिणारच आहे, पण साहेबांबद्दलही लिहिणार आहे. त्यांचं नाव तेवढं लिहिणार नाही, कारण पेपरात नाव छापून आलेलं त्यांना फार आवडतं.

आमची कंपनी नाशिकमधली, लहानशी. संस्थांसाठी वेबसाइट आणि ऑनलाइन फॉर्म बनवते. एका धर्मादाय रुग्णालयाला पेशंटच्या नोंदणीचा फॉर्म इंग्रजीशिवाय मराठी, उर्दू, अहिराणी आणि पेठ-सुरगाण्याकडच्या आदिवासींच्या कोकणीत हवा होता, म्हणून साहेबांनी हमीदा मॅडमना बोलावलं. त्या मूळच्या मालेगावच्या, विणकराच्या घरातल्या. महापालिकेच्या शाळेत मराठी शिकवून निवृत्त झालेल्या. उर्दू घरची, अहिराणी गल्लीतली आणि मराठी नोकरीची, असं त्या स्वतःच सांगायच्या; कोकणी तेवढी पेठच्या बायकांना विचारून लिहायच्या. मला वाटलं होतं, घरी बसून शब्दाला शब्द लिहून पाठवतील. दुसऱ्याच दिवशी त्यांनी मला घोटीच्या आठवडे बाजारात नेलं. भाताच्या पोत्यांशेजारी बसलेल्या एका बाईच्या हातात माझा फोन दिला, फॉर्म भर म्हणाल्या, आणि स्वतः तोंडाला पदर लावून बसल्या. समजावून सांगायचं नाही, हा त्यांचा नियम. वाचणाऱ्याचं बोट ज्या शब्दावर अडलं तो शब्द नापास. माणूस कधी नापास नाही. मी मध्ये बोलायला गेले की माझ्या मांडीला चिमटा काढायच्या.

एकदा रुग्णालयाच्या बाकावर पेठकडची एक आजी ॲलर्जीच्या प्रश्नाशी येऊन थांबली. तिची नात तिला वाचून दाखवत होती. "आमच्यात तसलं काय नाय," आजी म्हणाली. मॅडमनी तिथल्या तिथे वहीत नवा प्रश्न लिहिला, की कोणत्या गोळीनं किंवा सुईनं कधी अंगावर उठलं होतं का, सूज आली होती का, दम लागला होता का. तो ऐकल्यावर आजीनं बाही वर सरकवून जुना डाग दाखवला आणि एका इंजेक्शनची सगळी हकिकत सांगितली. परतताना रिक्षात मॅडमनी तो प्रश्न वहीत पुन्हा नीट उतरवून काढला. एकेक प्रश्न असा घासूनपुसून चारही भाषांत तयार व्हायला आठ महिने लागले.

आणि मग नेमकी माती खाल्ली ती आम्ही. प्रश्न दिसायचे मराठीत, पण उत्तराच्या चौकटीत फक्त इंग्रजी अक्षरंच घ्यायची असा जुना नियम फॉर्मच्या आत बसलेला होता. मराठीत नाव लिहिलं की खाली लाल अक्षरांत इंग्रजीतून दटावणी यायची, योग्य अक्षरं वापरा म्हणून. मॅडमनी पहिल्या महिन्यातच हे पकडलं होतं. मी तो नियम काढून सगळ्या लिपी चालतील असं करूनही ठेवलं होतं, दोन दिवसांचं काम. साहेबांनी ते चालू करू दिलं नाही. रुग्णालयाच्या जुन्या यादीला इंग्रजी नावांची सवय आहे, नसती झंझट नको, म्हणाले, वर भाषेचं बटण आहे ना, लोकांना बटण दिसलं म्हणजे झालं. मॅडम समोरच होत्या. "प्रश्न आमच्या भाषेत आणि उत्तर तुमच्या भाषेत," त्या म्हणाल्या, "मग विचारता कशाला?" साहेब हसले. उद्घाटनाच्या भाषणात त्यांनी 'माझ्या टीमनं' असं पाच-सहा वेळा म्हटलं, मॅडमचं नाव एकदाही नाही. त्या मागच्या रांगेत बसून ऐकत होत्या. त्या दिवशी मी मनाशी ठरवलं, याची परतफेड झाल्याशिवाय हा माणूस सुटणार नाही.

मॅडमची आणि माझी शेवटची भेट त्याच रुग्णालयाच्या बाकावर झाली. आता त्या स्वतःच पेशंट होत्या. हातात फोन, फॉर्म मराठीत उघडलेला, आणि नाव लिहून त्या पुन्हा पुन्हा पाठवत होत्या. दर वेळी लाल अक्षरं. मी म्हटलं, मॅडम द्या, मी इंग्रजीत टाकते, तुम्हाला बसवत नाहीये. त्यांनी फोन दिला नाही. "माझं नाव मी बरोबर लिहिलंय," म्हणाल्या, "चूक त्याची आहे... त्यालाच सुधारू दे." शेवटी खिडकीतल्या बाईनं, इतरांची घ्यायची तशी, कागदावर नोंद करून घेतली आणि त्यांना आत नेलं.

मॅडम गेल्यावर शोकसभेची कल्पना साहेबांचीच. रुग्णालयाचा हॉल, विश्वस्त हजर, मोठा पडदा, आणि पडद्यावर शोकसंदेशाचा ऑनलाइन फॉर्म. व्यासपीठावरच्या टॅबवर ज्यानं त्यानं आपल्या भाषेत लिहायचं, सगळ्यांना वर दिसणार. नोंदणीच्याच साच्यातून बनव, म्हणाले. इंग्रजी अक्षरांचा तो नियम ते साफ विसरले होते; काय होणार ते मला तेव्हाच दिसलं. मी एक शब्द बोलले नाही. साचा जसाच्या तसा घेतला, लाल अक्षरांसकट. कार्यक्रमपत्रिकेत पहिला संदेश साहेबांचा होता. तो दिवस उजाडेपर्यंत मी किती मजेत होते ते आता लिहायची लाज वाटते, पण होते.

साहेबांनी माइक हातात घेतला आणि अगदी नम्रपणे म्हणाले, "पहिला मान मुलीचा." पत्रिकेत असं नव्हतं. शबाना पुढे गेली. मालेगावहून आलेले मामा, मॅडमचे जुने विद्यार्थी, सगळे वर पाहत होते. तिनं सावकाश लिहिलं, अम्मी, तुझ्याशिवाय घर... आणि पुढची एक ओळ. पाठवलं. पडद्यावर लाल अक्षरं आली. आपलंच काही चुकलं असं वाटून तिनं सगळं पुसलं आणि पुन्हा लिहिलं. पुन्हा लाल. मी लॅपटॉपपाशी बसले होते, तो नियम उठवायला एका क्लिकचं काम होतं. मी हात उचलला नाही, कारण साहेब खुर्चीतून उठत होते. तिसऱ्यांदाही लाल आलं तेव्हा त्यांनी टॅब तिच्याकडून घेतला, स्वतः मराठीत लिहिलं, आणि त्यांच्या नावाखालीही तेच आलं. विश्वस्तांच्या अध्यक्षबाईंनी विचारलं, हे काय आहे? मी उभी राहिले आणि भर सभेत सगळं सांगितलं. दुरुस्ती कधीपासून तयार आहे, ती कुणी अडवून ठेवली, अध्यक्षबाई स्वतः हजर होत्या त्या उद्घाटनाच्या भाषणात कुणाचं नाव नव्हतं. साहेबांचं तोंड एवढंसं झालं. खरं सांगायचं तर मला ते पाहून फार बरं वाटलं. अजूनही आठवलं की वाटतं.

त्याच आठवड्यात नियम बदलला. आता पेशंट आपल्या लिपीत नाव लिहितात आणि फॉर्म ते निमूट घेतो. शोकसंदेशाचं पानही मी चालू ठेवलं आहे.

सभेनंतर शबाना चपला घालताना माझ्याजवळ थांबली. "ताई, असं होणार हे तुम्हाला आधीच माहीत होतं?"

मी हो म्हणाले.

"मग मला तरी सांगायचं होतं," ती म्हणाली, आणि मामांबरोबर निघून गेली.

रोज सकाळी ऑफिसात आले की मी आधी ते पान उघडते. मालेगावहून संदेश उर्दूत येतात, सटाण्याकडून अहिराणीत, पेठच्या कुणा बाईनं चार शब्द कोकणीत लिहिलेत. सगळे वाचते, अगदी खालपर्यंत जाते... शबानाचा अजून आलेला नाही.